कुंचल्याची शाळा, कवितेचे विद्यापीठ

ठाणे, खास प्रतिनिधी - दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधील अनेक घरांत एकच चर्चा रंगते. मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे, इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' श्रेणीही मिळाली आहे, शिवाय शाळेच्या हस्तलिखितात त्याच्या कविता येतात. आता त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा अर्ज भरावा की मराठी वा इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. करावे? दोन्ही एकाच वेळी शिकता येईल का? आणि दोन्ही शिकून पोट भरेल का? या तिन्ही प्रश्नांना आपल्या आयुष्याने उत्तर देणारा एक माणूस मराठीत होऊन गेला. त्याचे नाव अरुण बाळकृष्ण कोलटकर. २५ सप्टेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. या घटनेला वीसहून अधिक वर्षे लोटली, तरी चित्रकला आणि लेखन या दोन विद्या एकत्र कशा नांदतात हे समजून घ्यायचे असेल तर आजही त्यांच्याच चरित्राकडे वळावे लागते.

कोलटकर मराठीतील मोठे कवी होते आणि भारतीय इंग्रजी कवितेतीलही मोठे कवी होते. त्यांचा व्यवसाय मात्र चित्रकाराचा होता. जाहिरातसृष्टीत कला दिग्दर्शक म्हणून त्यांचा दबदबा होता. कविता लिहायला त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकविले नाही, कारण तसा अभ्यासक्रम त्या काळी इथे नव्हताच. ते शिक्षण त्यांनी रस्त्यावर, मित्रांच्या अड्ड्यावर, भजनी मंडळीत आणि हॉटेलच्या टेबलावर पुरे केले.

कोल्हापूरचे पत्त्यांचे घर

कोलटकरांचा जन्म कोल्हापूरचा, १ नोव्हेंबरचा. विसाव्या शतकातील तिसरे दशक संपून चौथे नुकतेच सुरू झाले होते. वडील शिक्षण खात्यात अधिकारी होते. घर एकत्र कुटुंबाचे, काका आणि त्यांचा परिवारही सोबतच राहणारा. नऊ खोल्यांच्या या वास्तूत तळमजल्यावर पाच, पहिल्या मजल्यावर तीन आणि सर्वांत वर एक अशी रचना होती. पुढे कोलटकरांना ती पत्त्यांच्या बंगल्यासारखी भासली. जमिनी शेणाने सारवल्या जात. राजाराम हायस्कूलमध्ये मराठी माध्यमातून त्यांचे शिक्षण झाले.

कोल्हापूर हे त्या काळी चित्रकारांचे गाव होते. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची परंपरा तिथे मुरलेली होती. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापुरातूनच मुंबईला जाऊन जे. जे.चे विद्यार्थी आणि पुढे अध्यापक झाले होते, आणि १९४० साली त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आठवणींचे पुस्तक लिहून चित्रकाराच्या हातीही लेखणी शोभते हे दाखवून दिले होते. अशा गावात वाढलेल्या मुलाला चित्रकार व्हावेसे वाटले तर नवल नव्हते. तरीही शिक्षण खात्यातील अधिकाऱ्याच्या घरात हा निर्णय सहजी मान्य होणारा नव्हता. १९४९ साली शालेय शिक्षण संपल्यावर वडिलांच्या इच्छेविरुद्ध कोलटकरांनी चित्रकलेची वाट धरली. बालमित्र बाबूराव सडवेलकर आधीच त्या वाटेवर होते. पुढे हेच सडवेलकर चित्रकार आणि राज्याचे कला संचालक म्हणून नावारूपाला आले.

जे. जे.ची आठ वर्षे

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही संस्था १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. इंग्रजी लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग इथे शिकवीत आणि रुडयार्ड यांचा जन्मही १८६५ साली याच आवारात झाला. साहित्य आणि चित्रकला यांची सोयरीक अशी या आवाराला जुनीच होती. अभ्यासक्रमात मात्र तिला जागा नव्हती. विद्यार्थ्याने स्थिरचित्र करावे, मॉडेलवरून रेखाटन करावे, रंगसंगती आणि रचना शिकावी, परीक्षा द्यावी आणि पदविका घेऊन बाहेर पडावे, असा शिरस्ता होता. कवितेचा तास वेळापत्रकात नव्हता.

कोलटकर मुंबईत आले तो काळ मात्र चित्रकलेच्या इतिहासात खळबळीचा होता. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. १९५२ साली काळा घोडा परिसरात जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. जवळच्याच रॅम्पार्ट रोवर आर्टिस्ट्स एड फंड सेंटर होते. तरुण चित्रकारांचा तिथे राबता असे. कोलटकरही त्याच वस्तीतले झाले. वर्गात जे शिकविले जात नव्हते ते या गल्लीत ऐकायला मिळे. पॅरिसमध्ये काय चालले आहे, कोणत्या परदेशी कवीने काय लिहिले आहे, कोणते पुस्तक पदपथावर स्वस्तात मिळते आहे, याची सारी खबर इथे असे.

शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. प्रवेश घेतल्यापासून पदविका हाती पडेपर्यंत आठ वर्षे गेली. अभ्यास मध्येच सुटला, भटकंती झाली, पुन्हा परतणे झाले. १९५३ साली त्यांनी चित्रकार बाळ छाबडा यांच्या भगिनी दर्शन यांच्याशी विवाह केला. दोन्ही घरांचा या विवाहाला विरोध होता. एकही चित्र न विकलेला चित्रकार संसार कसा चालविणार, ही शंका त्या विरोधामागे होती आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. मुंबईतील ही सुरुवातीची वर्षे हलाखीची गेली. अखेर १९५७ साली, म्हणजे जे. जे.च्या शताब्दी वर्षात, कोलटकरांनी पदविका मिळविली.

आज जो विद्यार्थी एक वर्ष वाया गेले म्हणून खचून जातो त्याने या आठ वर्षांकडे पाहावे. प्रगतिपुस्तकाच्या दृष्टीने ती वाया गेलेली होती. कोलटकरांची मराठी आणि इंग्रजी कविता मात्र याच वर्षांत घडली. दोन्ही भाषांत त्यांनी एकाच सुमारास लिहिण्यास प्रारंभ केला. दोन भाषांचा हा संसार त्यांनी अखेरपर्यंत सारख्याच निष्ठेने चालविला.

कल्याणमार्गे पायपीट

याच काळातील एका भटकंतीमुळे कल्याणचे नाव कोलटकरांच्या कवितेत कायमचे नोंदले गेले आहे. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात चित्रकार मित्र बंडू वझे यांच्यासोबत ते मुंबई सोडून पायी निघाले आणि पश्चिम महाराष्ट्रात भटकले. खिशात पैसे नव्हते. या अनुभवावर त्यांनी पुढे एक मराठी कविता लिहिली आणि स्वतःच तिचे इंग्रजी रूप केले. ते 'द टर्नअराउंड' या नावाने ओळखले जाते.

कवितेतील माणसाला मुंबईने कफल्लक केले आहे. कल्याणला पोहोचल्यावर त्याच्या वाट्याला येतो तो गूळ. पुढे घोंगडी जाते, नाशिकला तुकारामही विकला जातो. गावामागून गाव ओलांडत, भुकेच्या हिशेबाने अंतर मोजत ही कविता चालत राहते. यात कुठेही गळा काढलेला नाही. रस्त्यावरच्या माणसाने आपली हकिगत कोरड्या आवाजात सांगावी तशी ही भाषा आहे.

कल्याण हे मुंबईहून निघणाऱ्याला पहिले मोठे वळण. १८५४ साली आगगाडी इथवर आली आणि पुढे याच जंक्शनात एक फाटा नाशिककडे आणि दुसरा पुण्याकडे गेला. कोल्हापूरहून मुंबईत शिकायला येणाऱ्या मुलाची गाडी कल्याणवरूनच जाई आणि मुंबईने हाकलले तर पायी परतणाऱ्याची वाटही इथूनच फुटे. कल्याणकरांना आपल्या गावाचा अभिमान वाटावा अशा अनेक गोष्टी आहेत. गेट वे ऑफ इंडियाजवळील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार सदाशिव ऊर्फ भाऊ साठे कल्याणचे आणि जे. जे.चेच विद्यार्थी. त्यांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे. त्या यादीत या गुळाचीही नोंद असायला हरकत नाही. आधुनिक मराठी कवितेतील एका उपाशी तरुणाला या गावाने काहीतरी तोंडात टाकायला दिले, ही नोंद लहान असली तरी टिकाऊ आहे.

'शब्द' आणि मित्रांची शाळा

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, रमेश समर्थ, बंडू वझे आणि कोलटकर या तरुणांच्या वर्तुळातून 'शब्द' हे अनियतकालिक निघाले. पैसा नाही, मोठा संपादक नाही, जाहिरात नाही. हाताने तयार केलेली पाने चक्रमुद्रित करून मोजक्या लोकांत वाटायची, असा हा खटाटोप होता. मराठीत पुढे साठच्या दशकात जी लघुनियतकालिकांची चळवळ फोफावली तिचे हे एक आरंभस्थान मानले जाते. अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा' अशी अनेक नावे त्या चळवळीशी जोडली गेली.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ सालापासून सर्जनशील लेखनाची कार्यशाळा चालते. तिथे विद्यार्थी आपली कविता वर्गात वाचतात, सोबती तिची चिरफाड करतात आणि लेखक ती पुन्हा लिहून आणतो. मुंबईच्या या तरुणांनी हीच पद्धत इराणी हॉटेलांत राबविली. तिला फी नव्हती, पदवीही नव्हती. योगायोग असा की याच गटातील दिलीप चित्रे पुढे १९७५ साली आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी खरोखरीच गेले. कोलटकर आपल्या टेबलाशीच राहिले.

या मित्रशाळेत मर्ढेकर वाचले जात, तसेच ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई आणि तुकारामही. कोलटकरांनी संतकवितेची इंग्रजी भाषांतरे केली. त्यांतील तुकारामांच्या अभंगांची भाषांतरे साठच्या दशकात नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. संतांचा गोडवा दाखविण्याचा त्यांचा हेतू नव्हता. देवाशी भांडणारा, व्यवहारी बोली बोलणारा तुकाराम त्यांना हवा होता. त्याच वेळी मुंबईच्या कामगार वस्तीतील आणि गल्लीबोळांतील हिंदी-मराठीची सरमिसळ त्यांनी कवितेत आणली. हिंदी चित्रपटांनी ही बंबईया बोली सर्रास वापरण्याच्या कितीतरी आधी कोलटकरांच्या कवितेतील हॉटेलचा पोऱ्या आणि त्याचा मॅनेजर ती बोलत होते. ही कविता इंग्रजीत 'थ्री कप्स ऑफ टी' म्हणून गाजली.

जाहिरातीचे टेबल

पोटापाण्याचा प्रश्न जाहिरातसंस्थांनी सोडविला. पदविकेनंतर कोलटकर या क्षेत्रात स्थिरावले. लिंटास, एमसीएम यांसारख्या नामांकित संस्थांशी त्यांचे नाव जोडले गेले. कम्युनिकेशन आर्टिस्ट्स गिल्ड या संघटनेचा 'कॅग' पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळविला आणि गिल्डच्या 'हॉल ऑफ फेम'मध्येही त्यांचा समावेश झाला.

कवी माणसाने जाहिरातीत काम करणे म्हणजे प्रतिभेचा अपव्यय, असा एक समज आहे. कोलटकरांच्या बाबतीत तो तपासून घ्यावा लागतो. जाहिरातसंस्थेत चित्र पाहणारा आणि मजकूर लिहिणारा एकाच टेबलाशी बसतात. पानावर किती जागा मोकळी सोडायची, अक्षराचा टाइप कोणता घ्यायचा, चार शब्दांत काय सांगायचे आणि उरलेले चित्रावर कसे सोपवायचे, हे तिथे रोज ठरते. चित्रकला आणि लेखन एकत्र शिकविणारा जो वर्ग जे. जे.त नव्हता तो कोलटकरांना इथे पगारी सापडला. काटकसर हा त्यांच्या कवितेचा सर्वांत ठळक गुण आहे. अलंकार नाहीत, विशेषणे मोजकी, आणि ओळ जिथे तुटते तिथे नजर नेमकी थांबते. या गुणाचे मूळ शोधताना जाहिरातीचे टेबल वगळता येत नाही.

१९७६ साली आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी 'क्लिअरिंग हाऊस' ही सहकारी प्रकाशनसंस्था स्थापन केली. मोठे प्रकाशक कविता छापायला तयार नसत, म्हणून कवींनीच पदरमोड करून आपली पुस्तके काढायची, अशी ही कल्पना. त्यांच्या पुस्तकांचे रूप ठरविण्याची जबाबदारी कोलटकरांवर होती. वेगळा आकार, नेटकी मांडणी आणि लक्षवेधी मुखपृष्ठे यांमुळे ही पुस्तके आजही संग्राहकांच्या कपाटात मानाने बसलेली असतात.

जेजुरीची वारी

त्या चार पुस्तकांपैकी एक होते 'जेजुरी'. साठच्या दशकात कोलटकर बंधू मकरंद आणि कवी-कादंबरीकार मनोहर ओक यांच्यासह खंडोबाच्या जेजुरीला गेले होते. त्या भेटीचे कवितेत रूपांतर व्हायला मात्र दहाएक वर्षे लागली. आधी लिहिलेले काही हरवलेही. अखेर १९७३-७४च्या सुमारास ही कवितामालिका लिहून झाली, १९७४ साली 'ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली'त प्रसिद्ध झाली आणि १९७६ साली पुस्तकरूपाने आली. १९७७ साली तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला आणि एक मराठी माणूस जागतिक इंग्रजी कवितेच्या नकाशावर आला.

'जेजुरी' वाचताना तिचा लेखक चित्रकार आहे हे पानोपानी जाणवते. एस. टी.च्या ताडपत्रीने झाकलेल्या खिडक्या, समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात दिसणारे स्वतःचेच प्रतिबिंब, बिजागरीतून निखळलेला दरवाजा, पडक्या देवळात पिलांसह मुक्काम ठोकलेली कुत्री, आणि आठ आण्यांसाठी पाठ न सोडणारी म्हातारी. कवी आधी पाहतो. मत देण्याची घाई करीत नाही. हा देव की दगड, असा प्रश्न पडतो, पण निवाडा वाचकावर सोपविलेला असतो. एका कवितेत ज्वारीच्या शेतात उड्या मारणारी कोंबडी-कोंबडे आहेत. तिथे शब्दच पानभर वर-खाली विखुरले आहेत, आणि वाचकाची नजर त्यांच्यासोबत उड्या मारू लागते. कागदाला कॅनव्हास समजणाऱ्यालाच हे सुचू शकते. मालिका संपते ती गडावर नाही, रेल्वे स्थानकावर. गाडी केव्हा येणार याचा पत्ता नाही, वेळ सांगायला कोणी तयार नाही आणि सूर्य मावळतो आहे. लोकलची वाट पाहण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविणाऱ्या ठाणे-कल्याणच्या वाचकाला ही कविता समजावून सांगावी लागणार नाही.

पुस्तकाचे कौतुक झाले तसा वादही झाला. मराठी भाविकाचे दैवत इंग्रजीत, आणि तेही अशा तटस्थ नजरेने का मांडावे, असा प्रश्न विचारला गेला. भालचंद्र नेमाडे यांनी या कवितेतील दृष्टी सहलीला आलेल्या शहरी माणसाची आहे, असा आक्षेप घेतला. या आक्षेपात तथ्य किती हा अभ्यासकांच्या वादाचा विषय राहिला आहे. एवढे मात्र खरे की ज्या कवीने तुकाराम आणि जनाबाई यांना आयुष्यभर सोबत बाळगले, पखवाजाचे पाठ अर्जुन शेजवळ यांच्याकडे घेतले आणि भजनी मंडळींत रात्री जागविल्या, त्याला परंपरेबाहेरचा म्हणणे अवघड आहे. भजनगायक बलवंतबुवांची संगत त्यांनी अनेक वर्षे केली. त्यांच्याकडून ऐकलेल्या कहाण्यांतून आणि त्यांच्या बोलीतून पुढे 'चिरीमिरी'तील कविता जन्मल्या.

पाव शतकाची प्रतीक्षा

राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, १९७७ साली, अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशन'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' हा पहिला मराठी संग्रह काढला. एखाद्याने या यशाचा लाभ उठवून दर दोन वर्षांनी पुस्तक काढले असते. कोलटकरांनी उलट केले. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्यांचे नवे पुस्तक आले नाही. ते सभांना जात नसत, मुलाखती टाळीत. प्रभादेवीच्या एका खोलीच्या घरात दुसऱ्या पत्नी सूनू यांच्यासह ते राहत आणि घरी दूरध्वनीही नव्हता. ज्याला भेटायचे असेल त्याने गुरुवारी काळा घोडा येथील 'वेसाइड इन'मध्ये यावे, असा अलिखित नियम होता.

लिहिणे मात्र थांबले नव्हते. वेसाइड इनच्या खिडकीतून समोरचे त्रिकोणी वाहतूक बेट दिसे. ज्या रॅम्पार्ट रोवर विद्यार्थिदशेत चित्रकार होण्यासाठी ते धडपडले तोच हा रस्ता. तिथले भटके कुत्रे, सकाळी इडलीची पाटी घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारी बेघरांची पंगत, झाडू मारणारी सफाई कामगार, पदपथावर लेकराला आंघोळ घालणारी बाई, हे सारे ते वर्षानुवर्षे पाहत राहिले. जे. जे.त मॉडेलसमोर बसून रेखाटन करणारा विद्यार्थी जसा एका आकृतीकडे पुन्हा पुन्हा पाहतो तसे हे पाहणे होते. यातून सुमारे वीस वर्षांत 'काला घोडा पोएम्स' तयार झाल्या. त्यातील पहिल्याच कवितेत बेटावर पहुडलेल्या कुत्र्याच्या अंगावरचे ठिपके जुन्या मुंबईच्या सात बेटांच्या नकाशासारखे दिसतात. एका दृष्टिक्षेपात शहराचा तीनशे वर्षांचा इतिहास कुत्र्याच्या पाठीवर मांडण्याची ही किमया आहे. कालांतराने वेसाइड इन बंद पडले, पण ती खिडकी पुस्तकात शाबूत राहिली.

मराठीत याच काळात 'भिजकी वही' आकाराला येत होती. जगभरच्या आणि सर्व काळांतील दुःख भोगलेल्या स्त्रियांवरील हा सुमारे चारशे पानांचा ग्रंथ आहे. वैदिक अपाला, तमिळ महाकाव्यातील कन्नगी, ग्रीक कॅसांड्रा, अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, सूफी संत राबिया, रशियन कवीची विधवा नादेझ्दा मँडेलश्टाम आणि व्हिएतनाममधील बॉम्बने पोळलेली किम एकाच वहीत भेटतात. पिकासोच्या रडणाऱ्या बाईच्या चित्रांमागची डोरा मारही त्यांत आहे. चित्रकलेचा अभ्यास आणि साहित्याचे वाचन इथे एकमेकांत पुरते मिसळून गेले आहे.

अखेरचे वर्ष

कोलटकरांना पोटाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि मित्रांची धावपळ सुरू झाली. पाव शतक ड्रॉवरमध्ये साचलेले लेखन कवीच्या डोळ्यांदेखत छापून झाले पाहिजे, ही निकड होती. अशोक शहाणे यांनी ते अंगावर घेतले. २००३ आणि २००४ या दोन वर्षांत 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' ही तीन मराठी आणि 'काला घोडा पोएम्स' व महाभारतातील जनमेजयाच्या सर्पयज्ञावरील 'सर्प सत्र' ही दोन इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध झाली. या पुस्तकांनंतर अल्पावधीतच पुण्यात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या वर्षी, २००५ साली, 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो स्वीकारायला कवी नव्हता.

मरणोत्तर कीर्ती मात्र वाढतच गेली. २००५ साली अमेरिकेत न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सने अमित चौधरी यांच्या प्रस्तावनेसह 'जेजुरी' पुन्हा काढली. २००९ साली मेहरोत्रा यांनी 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' संपादित केले, तर २०१० साली इंग्लंडमध्ये त्यांच्या समग्र इंग्रजी कवितांचा संग्रह निघाला. फ्रेंच अभ्यासक लातिसिया झेक्किनी यांनी २०१४ साली आणि अंजली नेर्लेकर यांनी २०१६ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ज्याने कधी विद्यापीठात कविता शिकली नाही, तो कवी जगभरच्या विद्यापीठांत शिकविला जाऊ लागला.

आजच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे?

परिस्थिती आता बदलली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि तिथे घडलेले गुलाममोहम्मद शेख चित्रकार म्हणून जसे, तसेच गुजराती कवी म्हणूनही मान्यता पावले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने एकाच पदवीत वेगवेगळ्या विद्याशाखांचे विषय घेण्याला पाठिंबा दिला आहे. खुद्द जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चित्र आणि शब्द यांच्यामधील कागदोपत्री भिंत आज पूर्वीइतकी जाड राहिलेली नाही.

तथापि कोलटकरांचे चरित्र काही व्यावहारिक गोष्टीही सांगते आणि त्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी दोघांनीही लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे त्यांना दोन विद्यांपैकी एकीने पोट दिले आणि म्हणून दुसरीला कधी बाजारात उभे राहावे लागले नाही. जाहिरातीच्या कामामुळेच ते कविता वीस वर्षे हातात ठेवू शकले. दुसरे म्हणजे हे स्थैर्य पदविकेसोबत आयते आले नाही. त्याआधी दारिद्र्याची, कुटुंबाच्या विरोधाची आणि पायपिटीची वर्षे होती. त्यांची झळ त्यांना एकट्यालाच बसली असे नाही. पहिला विवाह टिकला नाही. ही किंमत चरित्रातून वगळून केवळ यशाची यादी वाचणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तिसरी गोष्ट मित्रांची. सडवेलकर नसते तर चित्रकलेची वाट इतकी सोपी झाली नसती, चित्रे-वझे नसते तर 'शब्द' नसता आणि शहाणे नसते तर 'भिजकी वही' कदाचित वहीतच राहिली असती. संस्था प्रवेश देते, परीक्षा घेते, प्रमाणपत्र देते. लिहिलेले वाचून दाखवावे अशी माणसे विद्यार्थ्याला स्वतःच शोधावी लागतात. कल्याण-डोंबिवलीसारख्या वाचनालयांच्या आणि साहित्यवेड्यांच्या गावांत ती मिळणे दुरापास्त नाही.

ज्या वाचकांनी कोलटकर अद्याप वाचलेले नाहीत त्यांनी प्रारंभ 'अरुण कोलटकरच्या कविता' या पहिल्या संग्रहापासून करावा आणि इंग्रजीची सवय असल्यास 'जेजुरी' सोबत ठेवावी. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी ती दोन्ही पुस्तके शब्दांच्या मांडणीसाठी पाहावीत आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांतील प्रत्येक दृश्य कागदावर रेखाटून पाहण्याचा प्रयत्न करावा. दोन्ही अभ्यास एका बैठकीत होतील.